महाराष्ट्रातील सैनिकीकरणाचा विचार आणि जपानचे उदाहरण (१८९७–१९५०)

१

मराठीत ‘सैनिकीकरण’ आणि ‘लष्करशाही’ हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजले जातात. वस्तुतः त्यांची घडण भिन्न आहे. ‘-करण’ हा अंत्यावयव क्रियेचा निर्देश करतो, तर ‘-शाही’ हा सत्तेचा. निजामशाही, नोकरशाही, लोकशाही या शब्दांत ‘-शाही’च्या आधी येणारे पद सत्ता कोणाच्या हाती आहे ते सांगते. समाजातील बहुसंख्य तरुणांना शस्त्रविद्येचे शिक्षण मिळावे, हे झाले सैनिकीकरण. राज्याचे मूलभूत निर्णय सेनाधिकाऱ्यांच्या संमतीवाचून होऊ नयेत, ही झाली लष्करशाही. पहिली गोष्ट असूनही दुसरी नसणे शक्य आहे. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचे सैनिकी शिक्षण दीर्घकाळ चालत आले आहे, परंतु तेथे लष्करशाही आली असे कोणी म्हणत नाही.

जपानमध्ये मात्र दोन्ही गोष्टी घडल्या. इ. स. १८७३ मध्ये तेथे सक्तीची सैन्यभरती सुरू झाली आणि १९४० पर्यंत सर्व राजकीय पक्ष विसर्जित होऊन राज्याची सूत्रे व्यवहारतः सेनेच्या हाती गेली. या दोन टोकांमधील मार्ग कसा आक्रमिला गेला, हा आधुनिक इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. जपानचा समग्र इतिहास सांगणे हा मात्र प्रस्तुत लेखाचा उद्देश नव्हे. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे अर्धशतक सैनिकी शिक्षणाची आकांक्षा प्रबळ होती. चिंचवड, तळेगाव, पुणे, नाशिक ही तिची स्थाने होती, आणि १९०५ नंतर जपानचे उदाहरण या विचारास वारंवार बळ देत होते. त्या उदाहरणातून आपल्याकडील विचारवंतांनी व कार्यकर्त्यांनी काय घेतले, काय त्यांच्या दृष्टीआड राहिले, आणि जे राहिले त्याचे महत्त्व काय, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. आज चाकण व तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात जपानी उद्योगसमूहांचे कारखाने आहेत आणि त्यांत काम मिळावे म्हणून पुण्यात अनेक तरुण जपानी भाषा शिकतात. त्यांच्या वाचनात येणारा मेइजी काळाचा इतिहास बहुधा शिस्त, त्याग आणि राष्ट्रनिष्ठा यांची यशोगाथा म्हणून येतो. नेमकी हीच वाचनपद्धती शंभर वर्षांपूर्वी मराठी वाचकांची होती.

२

चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीमुळे गणेशभक्तांना परिचित असलेले क्षेत्र. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू येथल्याच एका कुटुंबातले. वडील हरी विनायक यांनी कीर्तनाचा व्यवसाय स्वीकारला होता. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलै रोजी मरण पावला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी, तर वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण यांना मे १८९९ मध्ये येरवड्यास फाशी देण्यात आले.

हा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. येथे त्यातील दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्यावयाच्या आहेत. पहिली अशी की, या बंधूंनी आरंभी जी मंडळी जमविली तिचा उद्देश व्यायाम आणि सैनिकी शिक्षण हा होता. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालातही तिचा उल्लेख, हिंदू धर्मावरील विघ्ने दूर करण्यासाठी स्थापन झालेली संघटना, अशा अर्थाच्या नावाने येतो. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तावरून त्यांच्या मनातील सैनिकी जीवनाची ओढ स्पष्ट होते. दुसरी गोष्ट अशी की, रँड हा मुलकी अधिकारी होता, परंतु प्लेगच्या बंदोबस्तासाठी घरोघर झडती घेण्याचे काम त्याने गोऱ्या सैनिकांकडून करविले. म्हणजे मुलकी कारभारात लष्कर उतरल्यास काय होते, याचा प्रत्यक्ष अनुभव पुण्यातील नागरिकांना १८९७ मध्ये आला होता. त्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष मात्र ‘लष्कर मुलकी कारभारात नसावे’ असा नव्हता. ‘आपल्याही हाती शस्त्र असावे’ असा तो होता. परकीय सत्तेखाली हा निष्कर्ष स्वाभाविक होय. तथापि त्यामुळे पहिला प्रश्न मागे पडला, आणि पुढील पन्नास वर्षे तो बहुतांशी मागेच राहिला.

३

शस्त्र हाती असावे ही आकांक्षा केवळ एका वर्गाची नव्हती. १८५७ नंतर इंग्रज सरकारने सैन्यभरतीचे धोरण हळूहळू बदलले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या घरातील शस्त्रे परवान्याखाली आली. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सच्या कारकीर्दीत ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ हा भेद दृढ झाला. मुंबई इलाख्याच्या सैन्यात पिढ्यान् पिढ्या चाकरी केलेल्या महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. भीमा कोरेगाव येथील स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या ज्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत त्यांत महारांची संख्या लक्षणीय आहे. त्याच समाजाला आता सैन्याचे दार बंद झाले.

या निर्णयाविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतिपत्र तयार केले. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या वतीने भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. या अर्जांतील मागणी सूड किंवा धर्मरक्षण यांची नाही. ती नागरिक म्हणून मान्यता मिळण्याची आहे. सैन्यातील चाकरी म्हणजे निश्चित वेतन, मुलांना शाळा, आणि गावगाड्याबाहेरचे एक स्थान. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते, ही गोष्ट या संदर्भात केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

अशा रीतीने १९०० च्या सुमारास मराठी प्रदेशात ‘सैन्य’ या एका कल्पनेभोवती निदान दोन भिन्न आकांक्षा एकत्र आल्या होत्या: एक राजकीय सामर्थ्याची, दुसरी सामाजिक प्रतिष्ठेची. शब्दांच्या इतिहासातही हा फरक उमटला आहे. ‘शिपाई’ हा मूळचा फारसी शब्द एकेकाळी योद्ध्याचा वाचक होता. आज तो कचेरीतील सर्वांत कनिष्ठ नोकराचा वाचक झाला आहे. उलट ‘सैनिक’ हा संस्कृत शब्द विसाव्या शतकात प्रतिष्ठा पावला, इतका की ‘सत्याग्रही सैनिक’, ‘स्वातंत्र्यसैनिक’ असे प्रयोग शस्त्र न उचलणाऱ्यांविषयीही रूढ झाले. सैन्याची परिभाषा ही अशी सर्वच चळवळींची सामाईक परिभाषा बनत गेली.

४

या पार्श्वभूमीवर मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सागरी युद्धात जपानने रशियाच्या आरमाराचा पराभव केला. एका आशियाई राष्ट्राने युरोपीय महासत्तेस हरविले, या घटनेचा परिणाम महाराष्ट्रावर किती झाला हे तत्कालीन वृत्तपत्रांच्या वाचकास सांगावयास नको. जपानविषयी कुतूहल तर होतेच. आता त्यास अनुकरणाची इच्छा जोडली गेली.

हे अनुकरण एकाच दिशेचे नव्हते. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. त्याची तांत्रिक धुरा सांभाळणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे जपान व अमेरिका येथे शिक्षण घेऊन आलेले होते. त्याच तळेगावी विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग करीत होते. तो १९१० मध्ये सरकारने बंद पाडला. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि त्या प्रेरणेतून १९१६ मध्ये पुण्यास महिला विद्यापीठाची स्थापना झाली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे जपानमार्गे अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी कृषिविद्येबरोबर सैनिकी शिक्षणही घेतले. काच, शाळा, स्त्रीशिक्षण आणि शस्त्र अशा चारही गोष्टींसाठी जपान हेच एक उदाहरण समोर होते.

मेइजी राज्यकर्त्यांच्या ‘फुकोकु क्योहेई’ या घोषवाक्याचा अर्थ ‘संपन्न देश, बलिष्ठ सेना’ असा आहे. चार चिनी अक्षरांच्या या समासात ‘आणि’ अशा अर्थाचा शब्द नाही. देश संपन्न झाला म्हणजे सेना बलिष्ठ होते, की सेना बलिष्ठ झाली म्हणजे देश संपन्न होतो, की दोन्ही स्वतंत्र आहेत, हे त्या समासावरून कळत नाही. जपानमध्येही हा संबंध काळानुसार वेगवेगळा लावला गेला. मराठी वाचकाने तो एकच एक गुण मानला आणि त्यास ‘राष्ट्रतेज’ वा ‘क्षात्रतेज’ अशी नावे दिली. विजयाचे कारण जपानी माणसाच्या अंगच्या वृत्तीत शोधण्यात आले. राज्यघटनेतील कलमे, मंत्रिमंडळाचे नियम, सेनेच्या खर्चावरील नियंत्रण या गोष्टींकडे फारसे कोणी पाहिले नाही.

त्याच १९०५ साली सेना आणि मुलकी सत्ता यांच्या संबंधाचा प्रश्न खुद्द हिंदुस्थानात उभा राहिला होता. सरसेनापती किचनेर आणि व्हाइसरॉय कर्झन यांच्यात, सेनेच्या कारभारावर व्हाइसरॉयच्या मंडळातील स्वतंत्र लष्करी सदस्याची देखरेख असावी की नसावी, या मुद्द्यावर तीव्र वाद झाला. किचनेरची सरशी झाली आणि ऑगस्टमध्ये कर्झनने राजीनामा दिला. लोकांचे लक्ष वंगभंगाकडे होते, व कर्झनविषयी कोणास सहानुभूती वाटण्याचे कारणही नव्हते. परंतु ज्या तत्त्वावर हा वाद झाला तेच तत्त्व जपानच्या पुढील इतिहासाचा कणा ठरणार होते.

५

आता जपानमध्ये प्रत्यक्ष काय घडले ते पाहू.

१८७३ च्या भरतीच्या कायद्याने २० वर्षे वयाच्या तरुणास तीन वर्षांची सेवा सक्तीची झाली. कुटुंबप्रमुख, वारस आणि २७० येन भरू शकणारे यांना सूट होती, म्हणजे भार गरिबांच्या धाकट्या मुलांवर पडला. आदल्या वर्षीच्या जाहीरनाम्यात या सेवेस ‘केत्सुझेई’ म्हणजे ‘रक्ताचा कर’ असे म्हटले होते. हा फ्रेंच वाक्प्रचाराचा शब्दशः अनुवाद होता. सरकार खरोखरच आपले रक्त काढून नेणार, अशी समजूत खेड्यापाड्यांतून पसरली आणि पश्चिम जपानमध्ये शेतकऱ्यांनी दंगे केले. जपानी माणूस जन्मतःच आज्ञाधारक व युद्धप्रिय असतो, या समजुतीस हे दंगे पुरेसे उत्तर आहेत. ज्या सामुराई वर्गाच्या ‘क्षात्रतेजा’चे आपल्याकडे इतके कौतुक झाले त्या वर्गाचे शेवटचे मोठे बंड १८७७ मध्ये याच शेतकरी सैनिकांनी मोडून काढले. आधुनिक जपानी सेना सामुराईंच्या परंपरेतून सरळ उगवलेली नाही. ती परंपरा मोडून राज्याने घडविलेली ती एक संस्था आहे.

या संस्थेची राज्यातील जागा कशी ठरली, हे सर्वांत महत्त्वाचे. १८७८ मध्ये सेनेचे मुख्यालय लष्करी मंत्रालयापासून स्वतंत्र झाले. १८८२ च्या राजाज्ञेने सैनिकांनी राजकारणापासून अलिप्त राहावे असे सांगितले, पण त्याचबरोबर त्यांची निष्ठा थेट सम्राटाशी बांधली. १८८९ च्या घटनेच्या ११व्या कलमाने सेनेचे सर्वोच्च आधिपत्य सम्राटाकडे सोपविले. ते कोणत्या कायद्यानुसार व कोणाच्या सल्ल्याने चालावे, हे मात्र त्या कलमात नाही. यातूनच ‘तोसुईकेन’ म्हणजे सेनाधिपत्याचा स्वतंत्र अधिकार, ही कल्पना वाढली. सेनेचे प्रमुख मंत्रिमंडळास वगळून सम्राटापुढे जाऊ शकत. १९०० मध्ये यामागाता आरितोमो यांच्या प्रेरणेने असा नियम झाला की, भूदल व नौदल यांचे मंत्री सेवेतील सेनाधिकारीच असावेत. हा नियम दिसावयास किरकोळ. परंतु त्याचा परिणाम असा की, सेनेने मंत्री दिला नाही तर मंत्रिमंडळच बनू शकत नाही. १९१२ मध्ये सेनेची नवी दोन पथके मंजूर झाली नाहीत म्हणून भूदलमंत्री उएहारा यांनी राजीनामा दिला, सेनेने दुसरा मंत्री दिला नाही, आणि सायोनजी मंत्रिमंडळ पडले. पुढल्याच वर्षी जनमताच्या दडपणाने नियम शिथिल झाला. १९३६ मध्ये तो पुन्हा कडक करण्यात आला आणि जानेवारी १९३७ मध्ये सेनापती उगाकी यांनाच, सेनेस ते नको होते म्हणून, मंत्रिमंडळ बनविता आले नाही.

याचा अर्थ असा नव्हे की १८८९ पासूनच लष्करशाही अटळ होती. १९१८ च्या तांदळाच्या दंग्यांनंतर पक्षीय मंत्रिमंडळांचा काळ आला. १९२५ मध्ये प्रौढ पुरुषांना सार्वत्रिक मताधिकार मिळाला आणि त्याच वर्षी सेनेच्या चार पथकांना रजा देण्यात आली. पण त्याच वर्षी शांतता-संरक्षण कायदा होऊन विचारस्वातंत्र्यावर बंधने आली, आणि कपातीमुळे मोकळे झालेले अधिकारी शाळांतून सैनिकी शिक्षक म्हणून नेमले गेले. १९१० मध्ये स्थापन झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखा खेडोपाडी होत्याच. म्हणजे मताधिकाराच्या रूपाने समाज राजकारणात आला, आणि शाळा व गाव यांच्या द्वारे सेना समाजात शिरली. १९३० मध्ये रेशमाच्या किमती कोसळल्या, लाखो शेतकरी कुटुंबे कर्जात बुडाली, आणि १९३४ मध्ये उत्तरेकडील प्रांतांत पिके बुडाली. ज्या खेड्यांतून सैनिक येत तीच खेडी उपाशी होती. पक्ष व धनिक यांच्याविषयी तरुण अधिकाऱ्यांत जो क्षोभ होता त्याचे मूळ येथे आहे.

घटनाक्रम वेगाने पुढे गेला. लंडनच्या नौदल कराराने ‘तोसुईकेन’चा भंग झाला, असा आरोप झाला आणि नोव्हेंबर १९३० मध्ये पंतप्रधान हामागुची यांच्यावर गोळी झाडली गेली. १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकदेन येथे सेनेने स्वतःच निमित्त घडवून मांचुरियावर आक्रमण केले. मंत्रिमंडळास ते रोखता आले नाही. १५ मे १९३२ रोजी पंतप्रधान इनुकाई यांचा तरुण नौदल अधिकाऱ्यांनी खून केला. १९३५ मध्ये, सम्राट हे राज्याचे एक अंग होय, असे शिकविणारे घटनापंडित मिनोबे यांना वरिष्ठ सभागृहाचे सदस्यत्व सोडावे लागले. २६ फेब्रुवारी १९३६ चे बंड मोडले गेले खरे, परंतु त्याचा लाभ सेनेच्या वरिष्ठांनाच झाला. १९३७ मध्ये चीनशी युद्ध, १९३८ मध्ये राष्ट्रीय संघटन कायदा, १९४० मध्ये पक्षांचे विसर्जन.

या काळातील शब्दसृष्टी अभ्यसनीय आहे. १९३२ नंतर ‘हिजोजी’ म्हणजे ‘आणीबाणीचा काळ’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. साम्यवादी व उदारमतवादी यांनी आपली मते सोडणे यास ‘तेन्को’ म्हणजे ‘दिशा बदलणे’ असे सौम्य नाव मिळाले. चीनमधील युद्धास ‘सेइसेन’ म्हटले गेले. त्याचे मराठी भाषांतर ‘धर्मयुद्ध’ असेच होईल, पण महाभारतातील धर्मयुद्ध म्हणजे नियमांनी बांधलेले युद्ध. ‘सेइसेन’ म्हणजे ज्याविषयी प्रश्न विचारता येत नाही असे युद्ध. २ फेब्रुवारी १९४० रोजी साइतो ताकाओ या प्रतिनिधीने संसदेत उभे राहून या युद्धाचा हेतू काय, असा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या भाषणाचा मोठा भाग अधिकृत वृत्तांतातून गाळण्यात आला आणि मार्चमध्ये त्यांना सभागृहातून काढून टाकण्यात आले. १९४२ च्या निवडणुकीत मात्र त्यांच्या मतदारसंघाने सरकारी शिफारस नसतानाही त्यांना पुन्हा निवडून दिले. समाज पूर्णपणे बदललेला नव्हता. पण तोवर समाजाचे मत व्यक्त होण्याचे मार्गच उरले नव्हते.

६

ज्या वर्षी जपानी सेनेने मांचुरियात प्रवेश केला त्याच १९३१ मध्ये डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे गोलमेज परिषदेनंतर इटलीस गेले. मार्चमध्ये त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली आणि बालकांच्या ‘बालिल्ला’ संघटनेचे शिक्षण पाहिले. त्याची अनुकूल नोंद त्यांनी आपल्या रोजनिशीत केली आहे. नेत्रवैद्य असलेले डॉ. मुंजे बोअर युद्धात वैद्यकीय पथकात होते. हिंदी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी १९३१ मध्ये नेमलेल्या चेटवुड समितीचे ते सदस्य होते, आणि १९३२ मध्ये डेहराडूनला लष्करी अकादमी निघाली. १९३५ मध्ये त्यांनी नाशिकला सेंट्रल हिंदु मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले.

या संस्थेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मते ती केवळ शिस्त व अधिकारी घडविणारी शाळा, दुसऱ्या मते ती लष्करशाहीचे बीज. दोन्ही मते अपुरी वाटतात. डॉ. मुंजे यांचा मूळ युक्तिवाद समर्थनीय होता: स्वराज्य येणार असेल तर त्याच्या संरक्षणास लागणारे अधिकारी आधीच तयार हवेत. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतही ही मागणी होती. परंतु नागरिकत्वाचा कस सैनिकी योग्यतेवर लावणे, आणि ते शिक्षण एका धर्माच्या लोकांपुरते कल्पिणे, या गोष्टी इटलीच्या ज्या आदर्शावरून उचलल्या गेल्या त्यात मुलकी सत्ता व सेना यांतील भेदच पुसला गेला होता. शाळेच्या आखाड्यात काय शिकवावे याचा विचार बारकाईने झाला. शिकलेल्या सेनेने कोणाची आज्ञा पाळावी, याचा झाला नाही.

महायुद्धाच्या काळात सावरकरांनी हिंदु महासभेच्या अध्यक्षपदावरून हिंदूंच्या सैनिकीकरणाचा पुरस्कार केला. काँग्रेसने मंत्रिमंडळे सोडलेली असल्यामुळे हा प्रचार विवाद्य ठरला आणि विरोधकांनी ‘रिक्रूटवीर’ हा उपरोधिक शब्द घडविला. दुसऱ्या बाजूने १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. वलंगकरांच्या विनंतिपत्रास मिळालेले ते उशिराचे उत्तर होते. त्याच वर्षी एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची पुनर्रचना झाली. संचलन, गणवेश आणि शिस्त ही तेथेही होतीच. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, सेवा दल, सैनिकी शाळा आणि सरकारी पलटणी यांचे हेतू परस्परविरोधी, पण बाह्य रूप सारखे. म्हणून केवळ कवाईत पाहून लष्करशाहीचे निदान करणे शास्त्रीय ठरत नाही.

मराठी सैनिकांची आणि जपानी लष्करशाहीची प्रत्यक्ष गाठ मणिपुरात पडली. मार्च १९४४ मध्ये सांगशाक येथे जपानी सेनेची आगेकूच काही दिवस रोखून धरणाऱ्या दलांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. १९०५ मध्ये ज्या सेनेचा विजय पुण्यात आनंदाचा विषय झाला होता, त्याच सेनेशी दख्खनच्या खेड्यांतून गेलेले तरुण आता लढत होते. दोन्ही बाजूंचे सैनिक बहुतांशी शेतकऱ्यांचे मुलगे होते.

७

स्वातंत्र्यानंतर मुलकी सत्ता आणि सेना यांचा संबंध नव्याने ठरवावा लागला. सप्टेंबर १९४६ पर्यंत सरसेनापती हाच व्हाइसरॉयच्या मंडळात संरक्षणाचा भार वाहत असे. हंगामी सरकारात ते खाते सरदार बलदेवसिंग या मुलकी सदस्याकडे आले. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदनामही लुप्त होऊन त्याच्या जागी सेनाप्रमुख असे पद आले. तथापि या सर्वांत मूलगामी बदल १९५० च्या संविधानातील ५३व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात आहे. संरक्षणदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असेल, हे त्यातील पहिले विधान. जपानच्या १८८९ च्या घटनेतील ११व्या कलमाशी ते जवळजवळ जुळते. परंतु आपल्या अनुच्छेदात लगेच दुसरे विधान येते: त्या आधिपत्याचा वापर कायद्याने विनियमित होईल. ७५व्या अनुच्छेदाने मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार केले आहे. जपानच्या जुन्या घटनेत मंत्री सम्राटास जबाबदार होते.

जपानच्या सत्तर वर्षांच्या इतिहासाचे सार या एका उपवाक्याच्या असण्यानसण्यात पाहता येते. अर्थात केवळ शब्दांनी राज्य सुरक्षित राहत नाही. जपानमध्येही नियम एकदा शिथिल होऊन पुन्हा कडक झालाच. कलम जिवंत ठेवण्यास प्रश्न विचारणारी संसद, ते प्रश्न छापणारी वृत्तपत्रे आणि उपाशी नसलेली खेडी लागतात. मसुदा समितीचे अध्यक्ष एका सुभेदाराचे चिरंजीव होते. सैन्याची प्रतिष्ठा आणि सैन्यावरील कायद्याचे नियंत्रण या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे दाखविण्यास याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

‘कवाईत’ आणि ‘कायदा’ हे दोन्ही मराठी शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. ‘कायदा’ म्हणजे नियम, आणि ‘कवाईत’ हे त्याचेच अनेकवचन. मराठीत येताना त्यांची फारकत झाली. एक मैदानावर गेला, दुसरा न्यायालयात. सैनिकीकरणाच्या मराठी विचारात पहिल्याचा जितका ऊहापोह झाला तितका दुसऱ्याचा झाला नाही, आणि जपानच्या उदाहरणातून नेमका दुसरा घेण्यासारखा होता. त्याच्या अभावी काय होते, हे तेथे दिसत होते.

या विषयावर पुष्कळ काम होण्याजोगे आहे. १९०४ ते १९४१ या काळातील मराठी वृत्तपत्रांत जपानविषयी कोणती विशेषणे व कोणत्या उपमा आल्या, त्या केव्हा बदलल्या, आणि त्यांचे मूळ इंग्रजी वृत्तसंस्थांत होते की स्वतंत्र निरीक्षणात, याचा पद्धतशीर अभ्यास व्हावयास हवा. जुन्या अंकांचे संग्रह पुण्यात उपलब्ध आहेत. जपानी भाषा जाणणारे विद्यार्थी पूर्वी दुर्मीळ होते, आता ते पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक महाविद्यालयात सापडतील. त्यांच्यापैकी काहींनी कारखान्यातील दुभाषेपणाबरोबर मेइजी काळातील राजाज्ञा, संसदेतील भाषणे आणि खेड्यांतील दंग्यांचे वृत्तान्त मुळातून वाचले, तर जपानविषयी इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून मराठीत काही सांगता येईल.